मैत्रीची परीक्षा उंबरठ्यावर

मुलांच्या पुस्तकांविषयी आपल्या नियतकालिकांतून फारसे लिहिले जात नाही. कविता आणि आत्मकथन यांवर आपण रात्र रात्र वाद घातले; पण ज्या वयात मुलाला 'आपण कोण' हा प्रश्न पहिल्यांदा टोचतो, त्या वयाचे साहित्य आपण पांढरपेशांच्या हवाली करून मोकळे झालो. त्याचा परिणाम असा की एखादा शिक्षक किंवा वसतिगृहातला विद्यार्थी जेव्हा विचारतो, 'वस्तीतल्या वाचनालयासाठी चित्रांची पुस्तके कोणती घ्यावीत?' तेव्हा आपल्यापाशी तयार उत्तर नसते. बाजारात पुस्तके भरपूर आहेत. मैत्री आणि स्वतःचा स्वीकार ह्या दोन विषयांवरची चित्रपुस्तके आणि चित्रकादंबऱ्या तर ढिगाने निघतात. गेली काही वर्षे मी ती मिळतील तशी वाचतो आहे. त्यांतली थोडी येथे सुचवणार आहे. परंतु त्याआधी ह्या दोन शब्दांची झडती घेणे मला आवश्यक वाटते.

'तू आहेस तसा स्वतःला स्वीकार' हा उपदेश आपल्याकडे नवा नाही. आपल्या आज्यापणज्यांना पिढ्यानपिढ्या हेच सांगितले गेले. मागच्या जन्मीचे कर्म म्हणून हा जन्म, म्हणून हे काम, म्हणून गावकुसाबाहेरचे घर. ते स्वीकार आणि गप्प राहा. त्या स्वीकाराला नकार देण्यातून आपले सारे साहित्य उभे राहिले. तोच उपदेश गुळगुळीत कागदावर, रंगीत चित्रांसह आपल्या मुलांच्या हातात परत येत असेल तर तो तपासून घेतला पाहिजे. मैत्रीचेही तसेच. ह्या पुस्तकांतली मैत्री पुष्कळदा एका बाजूने दिलेली भेट असते. सुखवस्तू घरातले एक मूल मोठ्या मनाने खाली वाकते आणि कोपऱ्यात बसलेल्या मुलाचा हात धरते. त्याला मैत्री म्हणायचे की मेहेरबानी?

ह्या साऱ्या पुस्तकांचा मूळपुरुष म्हणजे हान्स ख्रिश्चन अँडरसनची १८४३ सालची कुरूप पिल्लाची गोष्ट. ग. दि. माडगूळकरांनी तिच्यावर गाणे लिहिले आणि ती मराठी घराघरांत पोचली. पिल्लाला सगळे टोचतात, हाकलतात. ते हिवाळाभर हाल सोसते. शेवटी पाण्यात पाहते तो काय, आपण राजहंस! ऐकणारे डोळे पुसतात. पण पिल्लाची सुटका कशाने झाली ते पाहा. त्याच्या कष्टाने झाली नाही, आणि टोचणाऱ्यांना पश्चात्ताप झाला म्हणूनही झाली नाही. ती झाली अंड्यामुळे. अंडे राजहंसाचे असले म्हणजे बदकांच्या वाड्यात जन्म झाला तरी बिघडत नाही, असा अभिप्राय अँडरसन स्वतःच देऊन ठेवतो. जन्मावरून प्रतिष्ठा ठरते ह्या सिद्धान्ताचा इतका गोंडस पुरस्कार मी दुसरीकडे वाचलेला नाही. आणि हे लिहिणारा माणूस कोण? जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. आई लोकांचे कपडे धूत असे. स्वतःच्या लेखणीने वर आलेल्या माणसालाही आपल्या यशाचे कारण अंड्यात शोधावेसे वाटले, ही त्या काळच्या समाजाची करणी.

वस्तीतल्या मुलांना ही गोष्ट सांगितली तेव्हा चौथीतल्या एका मुलीने विचारले, 'आणि ते बदकच निघालं असतं तर?' अँडरसनपाशी ह्याचे उत्तर नाही. पुढे ज्या पुस्तकांविषयी लिहितो आहे ती माझ्या मते ह्या प्रश्नाला पाठ दाखवत नाहीत.

मैत्रीविषयीचे सर्वांत कठोर पान बाबासाहेबांनी लिहिले आहे, आणि ते मुलांसाठी लिहिलेले नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आठवणींत १९१७ सालच्या बडोद्याची हकीकत येते. पारशी सराईतून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढल्यावर त्यांना दोन मित्र आठवतात. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्र सांगतो की तुम्ही माझ्या घरी आलात तर नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र, मूळचा ब्राह्मणच, म्हणतो की बायको परगावाहून यायची आहे, तिला विचारावे लागेल. बाबासाहेब समजायचे ते समजतात, सार्वजनिक बागेत जाऊन बसतात आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परततात. दोघेही मित्र दुष्ट नव्हते. गप्पांपुरती, चर्चेपुरती त्यांची मैत्री खरीच असणार. ती उंबरठ्यावर संपली. माझ्या दृष्टीने मुलांच्या कोणत्याही मैत्रीच्या पुस्तकाची हीच कसोटी आहे: ह्या गोष्टीतला मित्र घरात घेतो का, आणि पाणी कुठल्या भांड्यातून देतो?

ह्या आठवणींवर उभी राहिलेली चित्रकादंबरी 'भीमायन' २०११ साली दिल्लीच्या नवयानने काढली. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम ह्या परधान गोंड चित्रकारांची. चित्रकथा म्हटली की चौकटी आल्या. व्याम दांपत्याने चौकटी नाकारल्या. आमची माणसे आम्ही खोक्यात कोंडणार नाही, अशी त्यांची भूमिका. घराच्या भिंतीवर आणि जमिनीवर रेखायची डिगना नावाची नक्षी पानभर वळत जाते आणि तीच प्रसंग वेगळे करते. जो माणूस विखारी बोलतो त्याच्या शब्दांभोवती विंचवाची नांगी. जो साधे, मायेचे बोलतो त्याचे शब्द पाखराच्या आकारात. अक्षर न ओळखणारे मूलही पान उघडल्याबरोबर सांगते की कोण डंख मारतो आहे. महाडच्या सभेच्या चित्रात ध्वनिक्षेपकांतून शब्दांऐवजी पाण्याच्या धारा लोकांवर पडतात. पाण्याचा हक्क आणि बोलण्याचा हक्क एकच, हे समजावायला मला वर्गात एक तास लागला असता. दलित-आदिवासी ऐक्याचे ठराव आपण कितीतरी परिषदांत संमत केले. येथे एका आदिवासी घराने आपल्या भिंतीवरच्या रेषेत बाबासाहेबांची तहान काढली आहे, आणि हे ऐक्य मला ठरावांपेक्षा खरे वाटते. पुस्तकात उणेही आहे. बसथांब्यावर दोन शहरी माणसे राखीव जागांवर वाद घालतात आणि त्यातून कथा उलगडते. ती योजना इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी आहे, मुले तेवढी पाने उलटून पुढे जातात. जाऊ द्यावीत.

आता एका परक्या पुस्तकाकडे वळतो, कारण स्वतःच्या स्वीकाराचा प्रश्न त्यात जितक्या निर्दयपणे मांडला आहे तितका मला इतर कुठल्याही मुलांच्या पुस्तकात आढळला नाही. जीन लुएन यांग ह्या अमेरिकन चित्रकथाकाराची 'अमेरिकन बॉर्न चायनीज' २००६ साली प्रसिद्ध झाली. किशोरांसाठीच्या साहित्याचे तिथले प्रिंट्झ पारितोषिक चित्रकादंबरीला पहिल्यांदा मिळाले ते हिच्या रूपाने, २००७ साली.

जिन वांग हा चिनी आईबापांचा मुलगा सॅन फ्रान्सिस्को सोडून नव्या शाळेत येतो. बाई त्याचे नाव चुकीचे उच्चारतात आणि हा थेट चीनहून आला असे वर्गाला सांगतात. एक पोरगा म्हणतो, हे लोक कुत्री खातात. आपल्यापैकी कोणाला हा वर्ग अनोळखी वाटेल? पुढे तैवानहून आलेला वेई-चेन वर्गात येतो तेव्हा जिनला आनंद होत नाही. त्याला मारावेसे वाटते. ज्या गोष्टी आपण लपवतो आहोत त्या ह्या पोराच्या कपड्यांत, बोलण्यात उघड्या दिसतात. वेई-चेन चिनीत बोलू लागतो तर जिन त्याला झटकतो: अमेरिकेत आहेस, इंग्रजी बोल. एका खेळण्यातल्या रोबोमुळे शेवटी दोघांची दोस्ती जमते. पण जिनची ओढ गोऱ्यांकडे आहे. तो गोऱ्या पोरासारखे केस कुरळे करून घेतो. आणि भांडण पेटते तेव्हा वेई-चेनवर हिणवणारी शिवी फेकतो. त्या रात्री तो झोपतो आणि उठतो तेव्हा गोरा झालेला असतो. इच्छा पुरी झाली. औषधाच्या दुकानातल्या म्हातारीने लहानपणीच बजावले होते की आत्मा द्यायची तयारी असेल तर माणसाला काहीही होता येते.

हे वाचताना मला बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' आठवली. १९६३ साली त्या नावाचा संग्रह आला आणि मराठी कथेला हादरा बसला. तिथेही घर मिळते, आदर मिळतो, पंगतीत जागा मिळते, आणि हे सारे चोरलेल्या जातीवर. शहरात आडनाव बदलून खोली घेतलेली माणसे आपल्यात आहेत. त्यांना मी दोष देत नाही. ज्यांनी नाव सांगितल्यावर दार लावले, दोष त्यांचा. यांगच्या पुस्तकाने मला एक वेगळी गोष्ट दाखवली. जिनचा गुन्हा केस कुरळे करण्यात नाही. त्याने मित्राला नाकारले, तिथे तो बुडाला. वसतिगृहात भेटायला आलेल्या बापाला 'गावाकडचा गडी' म्हणणारा विद्यार्थी आपण पाहिला आहे. स्वतःचा स्वीकार ही आरशासमोर उभे राहून करायची गोष्ट नाहीच. आपल्या माणसाला चारचौघांत ओळख देणे, एवढाच तिचा अर्थ आहे असे मला आता वाटते.

पुस्तकात दुसरा धागा वानरराजाचा. देवांच्या मेजवानीला तो जातो तर दारावरचा पहारेकरी अडवतो: पायांत जोडे नाहीत. आत जाऊ पाहतो तर उत्तर मिळते की तू देव असशील, पण माकड आहेस. अपमानाने पेटून तो सगळ्यांना झोडपतो आणि घरी येऊन फर्मान काढतो की यापुढे प्रत्येक माकडाने जोडे घातलेच पाहिजेत. वरच्यांच्या अपमानाचा सूड खालच्यांवर असा निघतो. आपल्याकडे ह्या प्रकाराला समाजशास्त्रज्ञांनी 'संस्कृतीकरण' असे भारदस्त नाव दिले आहे. मुलांना ते माकडाच्या जोड्यांवरून पटकन कळेल. मात्र येथे एक भेद सांगितला पाहिजे. जोड्यांचा अर्थ आपल्याकडे उलटा आहे. ज्या गावात आपल्या आज्याला पाटलाच्या वाड्यावरून जाताना पायतण हातात घ्यावे लागे, त्या गावात जोडे घालणे हे अनुकरण नव्हते, बंड होते. वर्गात हे पुस्तक वाचणाऱ्या शिक्षकाने हे सांगायला विसरू नये.

शेवटाशी मात्र माझे भांडण आहे. ही मूळ कथा सोळाव्या शतकातल्या एका चिनी कादंबरीतली. सातव्या शतकात बौद्ध ग्रंथांच्या शोधात भारतात आलेल्या, आणि आपल्या महाराष्ट्रातही फिरलेल्या ह्युएन त्संगच्या प्रवासावरून ती रचली गेली. तिच्यात वानराला डोंगराखाली कोंडतो तो बुद्ध. यांग कॅथलिक आहेत; त्यांनी बुद्धाच्या जागी एक विश्वनिर्माता बसवला, आणि तो वानराला सांगतो की मी तुला माकड केले म्हणून तू माकड. हे वाक्य चिनी-अमेरिकन मुलाला दिलासा देत असेल. त्याच्या चिनीपणात भाषा आहे, आजीच्या गोष्टी आहेत, रविवारचे जेवण आहे. तिकडे परतता येते. जातीचे तसे नाही. जातीत परतायला काय आहे? ती कोणा निर्मात्याने केली नाही. माणसांनी लादली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी ती अंगावरून उतरवली. आपले मूल जे स्वीकारील ते त्या उतरवण्याचे धैर्य. तरीही हे पुस्तक मी आठवीपुढच्या मुलांना देतो; ज्याच्याशी भांडावेसे वाटते असे पुस्तक मुलांनाही हवे.

जेरी क्राफ्ट यांची 'न्यू किड' (२०१९) तुलनेने सौम्य आहे, पण शिक्षकांनी ती अवश्य वाचावी. अमेरिकन बालसाहित्यातला न्यूबेरी पुरस्कार मिळवणारी ही पहिली चित्रकादंबरी, साल २०२०. जॉर्डन बँक्स हा बारा वर्षांचा काळा मुलगा श्रीमंत गोऱ्यांच्या खाजगी शाळेत जातो. कोणी त्याला मारत नाही, शिव्या देत नाही. फक्त एक बाई ड्रू नावाच्या काळ्या मुलाला वारंवार आधीच्या एका काळ्या मुलाच्या नावाने हाक मारतात. आर्थिक मदतीचा विषय निघाला की नजरा ठराविक बाकांकडे वळतात. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी भर वर्गात उभे केलेल्या मुलांना हे समजावून सांगावे लागणार नाही. जॉर्डनचा गोरा मित्र लियाम मोठ्या हवेलीत राहतो आणि त्याला त्या हवेलीची लाज वाटते. पण तो जॉर्डनला घरी नेतो. माझ्या कसोटीला हे पुस्तक उतरते ते येथे.

ह्या पुस्तकातला ग्रंथप्रदर्शनाचा प्रसंग आपल्या लेखकांनीही वाचावा. गोऱ्या मुलांसाठी जादूची, साहसाची पुस्तके. काळ्या मुलांसाठी टोळ्या, गोळीबार, बेपत्ता बाप. २०२१ साली टेक्ससमधल्या केटी येथील शाळांतून हे पुस्तक काही काळ काढून घेतले होते, पालकांची तक्रार आली म्हणून. नंतर परत ठेवले. ते कोणाला बोचले हे सांगणे नको. मला बोचला तो हा प्रसंग. आपल्या मुलांसाठी आपण काय लिहितो? भूक, मार, मृत जनावर. हे सारे खरे आहे, आणि आत्मकथनांनी ते सांगितले नसते तर आज आपण बोलत नसतो. पण सहा वर्षांच्या पोरीला तिच्या पहिल्या पुस्तकात फक्त आपली जखमच दिसावी का?

म्हणून एझ्रा जॅक कीट्स यांचे १९६२ सालचे 'द स्नोई डे' हे इवलेसे पुस्तक मला महत्त्वाचे वाटते. पीटर नावाचा काळा मुलगा लाल कोट घालून बर्फात खेळतो, एक गोळा खिशात ठेवतो, तो वितळतो. बस्स. त्याच्या काळेपणाबद्दल पुस्तकात अक्षर नाही. चित्रात तो आहे. कीट्स स्वतः काळे नव्हते. ज्यूद्वेषामुळे आपले कात्झ हे नाव बदलावे लागलेला तो माणूस होता. आपल्या वस्तीतली पोरगी पहिल्या पावसात नाचते आहे आणि तिच्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, एवढेच दाखवणारे चित्रपुस्तक मराठीत मला अजून मिळालेले नाही.

कांचा इलैया यांचे 'टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड' (नवयान, २००७, चित्रे पुन्हा दुर्गाबाईंची) ही गोष्ट नव्हे, पण ते ह्या यादीत हवे. कातडी कमावणारा, मडकी घडवणारा, धोबी, न्हावी, विणकर यांच्या कामात विज्ञान आहे, आणि ज्यांनी ते केले त्यांनीच समाज जगवला, हे ते मुलांना सांगते. शाळेत आडनावावरून चिडवलेल्या मुलाची मान ह्या पुस्तकाने ताठ होते, हे मी पाहिले आहे. तरीही देताना सावध असावे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मृत मांस आणि शिळे तुकडे सोडायला सांगितले. १९३६ साली लिहिले की जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. कामाचा अभिमान जर मुलाला त्याच कामाला बांधणार असेल तर तो अभिमान आपल्याला नको. इलैयांचा तसा हेतू अर्थातच नाही. पण पुस्तक पुणेरी शाळेतला शिक्षक वाचून दाखवतो तेव्हा आणि वस्तीतला कार्यकर्ता वाचतो तेव्हा त्याचा अर्थ एकच राहत नाही.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. महाश्वेतादेवींची 'द व्हाय-व्हाय गर्ल' (तूलिका, २००३): शबर जमातीतली मोयना मालकाच्या शेळ्या राखते आणि प्रत्येक गोष्टीला 'का' विचारते, दारात येऊन कोणी शिकवील याची वाट पाहत नाही. सौम्या राजेंद्रन यांचे बाबासाहेबांवरचे 'द बॉय हू आस्क्ड व्हाय' (तूलिका, २०१५) अगदी लहानांसाठी चांगले. नीना सबनानींच्या 'मुकंद अँड रियाझ'मध्ये (२००७) फाळणीच्या दिवसांत कराचीतला मुसलमान मित्र हिंदू मित्राला सुखरूप बाहेर काढतो. ह्या मैत्रीत उपकाराची भाषा नाही. कनक शशी यांची 'गुठली हॅज विंग्ज' (२०१९) मुलगा म्हणून जन्मलेल्या पण फ्रॉक घालू पाहणाऱ्या गुठलीची. ती वाचताना काही कार्यकर्ते चुळबूळ करतील. त्यांनी जरूर वाचावी. गावकुसाबाहेर आपणच कोणाला ठेवले आहे तेही कळू दे. हैदराबादच्या अन्वेषी केंद्राने २००८ च्या सुमारास 'डिफरंट टेल्स' ही मालिका काढली. दलित, मुसलमान घरांतले बालपण तिथे पाहुण्यासारखे येत नाही. तिच्यातली गोगु श्यामला यांची पुस्तके आधी मिळवावीत. तेलंगणातल्या वाड्यावस्त्यांची हवा त्यांत आहे.

मराठीचे काय? माधुरी पुरंदरे यांच्या चित्रपुस्तकांनी मराठी मुलांना चित्र वाचायला शिकवले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण त्यांच्या यश आणि राधाचे घर आपल्या गल्लीत नाही. बाबासाहेबांवर अमर चित्रकथेचा अंक १९७९ सालीच आला. थोर पुरुषाचे चरित्र म्हणून तो ठीक, परंतु मुलाला रोज भेटणारा सोबती त्यात कसा मिळणार? आपल्यात चित्रकार आहेत, कवी आहेत. दोघांनी एका पानावर काम केल्याचे उदाहरण शोधावे लागते.

तोवर ही पुस्तके कशी वापरायची ते सांगतो. तूलिकाची पुष्कळ पुस्तके मराठीत निघतात, ती आधी घ्यावीत. प्रथम बुक्सची स्वस्त आहेत. इंग्रजीतली असतील तर चित्र मुलांकडे धरून मजकूर आपल्या बोलीत सांगावा, पाठ्यपुस्तकी मराठीत नको. 'भीमायन'सारखी महाग पुस्तके तीन-चार वाचनालयांनी मिळून एक प्रत घ्यावी आणि महिन्या-महिन्याने फिरवावी. वाचून झाल्यावर 'या गोष्टीतून काय शिकलात' हा प्रश्न कोणीही विचारू नये. मुलांना कागद आणि खडू द्यावेत. पाने मळतील, फाटतील, म्हणून पुस्तके कपाटात कुलूप लावून ठेवणारी वाचनालये मी बरीच पाहिली आहेत. डिंक आणि जुन्या वर्तमानपत्राचा कागद जवळ ठेवला की काम भागते.